थोरली, धाकटी आणि मामा

सिस्टिम बंद पडली की आधी शांतता पसरायची. खाली वखारीत खोकी वाहून नेणारे पट्टे थांबायचे, लेबलं छापणारी यंत्रं मुकी व्हायची, आणि फाटकापाशी रांगेत उभ्या असलेल्या ट्रकांतून ड्रायव्हर खाली उतरून आळस द्यायला लागायचे. मग वरच्या मजल्यावर एकेक करत सगळे फोन वाजायला लागायचे. आणि फोन वाजायला लागले की कोपऱ्यातल्या टेबलावरून मामा उठायचा, शर्टाच्या बाह्या वर सारायचा आणि म्हणायचा, “ओरडू द्या त्यांना. पेशंट आधी, नातेवाईक नंतर.”

त्या सकाळीही तसंच झालं. मामा सर्व्हरच्या थंडगार खोलीत शिरला, त्याच्यामागे भाची आणि तिच्यामागे त्यांच्याच खात्यातला लांब्या. मामाने स्क्रीनवर नजर फिरवली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला, दहा बोटं भराभर चालवली, आणि बघता बघता खालून पट्ट्यांची घरघर ऐकू यायला लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मामाने त्याला खोटं खोटं दटावलं. “टाळ्या कसल्या वाजवतोस? दुकान उघडलं म्हणून दुकानदारासाठी कुणी टाळ्या वाजवतं का?”

कंपनी औषधं पोचवायची. गावोगावच्या दवाखान्यांनी मागणी टाकली की ती सिस्टिममध्ये उतरायची. कुठलं खोकं कुठल्या फळीवरून काढायचं, कुठलं बर्फात ठेवायचं, कुठल्या ट्रकात चढवायचं, हे सगळं तीच सांगायची. ती गप्प झाली की वखारीतली झाडून सगळी माणसं हाताची घडी घालून उभी राहायची. म्हणून सर्व्हर एक नव्हता, दोन होते. मामानेच त्यांची नावं ठेवली होती, थोरली आणि धाकटी. एक काम करायची तेव्हा दुसरी शेजारी जागी बसून राहायची. चालती अचानक कोसळली तर दुसरीने तिचं काम हातात घ्यायचं. दर काही दिवसांनी पाळी बदलायची, म्हणजे बसलेलीला बंद करून तिची साफसफाई करता यायची. सकाळी आल्या आल्या पिशवी खाली ठेवायच्या आधी मामा विचारायचा, “काय रे, आज कोण उभी आहे? थोरली का धाकटी?”

मामा हा भाचीचा सख्खा मामा. ती शाळेत असताना तिचे वडील गेले, आणि त्यानंतर मामा दर रविवारी घरी यायला लागला. एकदा त्याने कुठूनतरी जुना कॉम्प्युटर उचलून आणला आणि तिच्यासमोर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तो अख्खा उघडला. “याला घाबरायचं नाही,” तो म्हणाला होता. “हे बिघडतं तेव्हा आपल्यावर रागावलेलं नसतं. त्याचं काहीतरी दुखत असतं.” ती प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची, म्हणून तो तिला वकीलबाई म्हणायचा. शिकून ती त्याच्याच कंपनीत लागली. पहिल्याच दिवशी भर मीटिंगमध्ये तिच्या तोंडून “अरे मामा, थांब” असं निघून गेलं आणि सगळे खो खो हसले. आठवड्याभरात तो सगळ्या खात्याचा मामा झाला. संचालकबाईसुद्धा त्याला मामाच म्हणायला लागल्या.

तर त्या सकाळी सिस्टिम सुरू झाल्यावर संचालकबाईंनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. त्या आवाज चढवणाऱ्यातल्या नव्हत्या, त्यामुळे त्या बोलायला लागल्या की माणसं जास्तच घाबरायची.

“वर्षभर एकदाही बंद न पडणारी गोष्ट आता सारखी बंद पडते,” त्या म्हणाल्या. “मामा ती लगेच उठवतात, त्यांचे उपकार आहेत. पण मला कौतुक नको, कारण हवंय. आज एका दवाखान्याने लहान मुलाच्या औषधासाठी रुग्णवाहिका दुसऱ्या गावी पाठवली. आपल्या भरवशावर बसले असते तर काय झालं असतं?”

त्यांनी भाचीकडे बघितलं. “हे काम तुम्ही घ्या. का पडते ते शोधा आणि पडणं थांबवा. लागेल ती माणसं घ्या.”

बाहेर आल्यावर मामाने तिच्या पाठीवर थाप मारली. “घ्या. आता वकीलबाई केस लढणार. आम्ही साक्षीदार.”

भाचीने काम अंगावर घेतलं ते खरोखरच अंगावर घेतलं. विजेची तारन् तार तपासून घेतली. खोली थंड ठेवणारं यंत्र बदललं. सर्व्हर विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावून त्याचं डोकं खाल्लं. बिघाड कुठेच सापडेना. तिला एकच गोष्ट खटकत होती. थोरली पडली तर धाकटीने उठायचं, तेवढ्यासाठीच तर ती बसवलेली. मग ती उठत का नव्हती?

याचं उत्तर तिला मामानेच दिलं होतं, कितीतरी वर्षांपूर्वी, शिकवताना. चालती स्वतःहून कोसळली तर शेजारची उठते. पण माणसाने हाताने, रीतसर बंद केली, तर शेजारची समजते की हे ठरवून चाललंय, आणि गप्प बसून राहते. म्हणजे कुणीतरी चालती बंद करत होतं.

त्या खोलीत तिघंच जायचे. मामा, ती आणि लांब्या. तिघांनी वापरायचं नाव आणि पासवर्ड जुन्या काळापासून एकच होता, त्यामुळे कुणी केलं ते सिस्टिम सांगू शकत नव्हती. तिने स्वतः केलं नव्हतं. मामाने केलं असेल हा विचार तिच्या डोक्याच्या आसपाससुद्धा फिरकला नाही. राहिला लांब्या.

लांब्या तिच्याबरोबरच कंपनीत लागलेला. दारातून आत येताना मान वाकवायची त्याची सवय, म्हणून ते नाव. बोलायला कमी, कामाला पक्का. पण पुढच्या वेळी सिस्टिम पडली तेव्हा तो सर्व्हरच्या खोलीतून बाहेर येताना तिने बघितला. तिचा पारा चढला. मामासमोर, सगळ्या खात्यासमोर तिने त्याला विचारलं, “आत काय करत होतास?”

लांब्याने तिच्याकडे बघितलं, मग मामाकडे. “काही नाही. बघायला गेलो होतो.”

“काय बघायला? चालती बंद करून बघत होतास?”

त्याचं तोंड लाल झालं.

“अगं, पोरगं घाईत चुकलं असेल,” मामा मध्ये पडला. “होतं असं. सांभाळून घे.” मामाचा आवाज इतका मायेचा होता की लांब्याने खाली मान घातली ती वर केलीच नाही. आठ दिवसांत त्याची बदली खाली वखारीत झाली, लेबलं छापणाऱ्या यंत्रांच्या देखभालीवर. जाताना तो मामाच्या पाया पडल्यासारखं वाकला आणि पिशवी उचलून जिन्याने उतरून गेला.

तो गेला, आणि सिस्टिम पूर्वीपेक्षा जास्त पडायला लागली.

हे तिला समजेना. तिने ठरवलं, आता खोलीतच ठाण मांडायचं. मामाच्या शेजारी खुर्ची टाकून ती सकाळपासून बसायला लागली. मामा खूश. जुन्या गोष्टी सांगायचा, विकणाऱ्या कंपनीच्या माणसाची नक्कल करायचा. त्याच गोष्टी तो पुन्हा सांगतोय हे तिच्या लक्षात यायचं, पण मामा आधीपासूनच गोष्टीवेल्हाळ. ती नव्याने हसायची.

एका दुपारी साफसफाईची पाळी होती. त्या दिवशी धाकटी काम करत होती आणि थोरली बसलेली. मामाने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, “चला, थोरलीचा आजचा दिवस. धाकटीला जरा आंघोळ घालू.”

तिला वाटलं, बोलताना उलटसुलट झालं असेल. तिने मान वर केली तोवर त्याची बोटं चालली होती. सराईत, न अडखळता, एकही अक्षर न चुकता त्याने चालती धाकटी रीतसर बंद केली. स्क्रीनने विचारलं, नक्की का? त्याने हो म्हटलं. मग तो मागे टेकून बसला, हात डोक्यामागे बांधून, काम झालेल्या माणसासारखा.

खालची घरघर थांबली.

फोन वाजायला लागले. मामा दचकून उठला. त्याच्या चेहऱ्यावरची काळजी खरी होती, शंभर टक्के खरी. “अगं, पडली बघ पुन्हा!” तो बाह्या वर सारत म्हणाला. “ऊठ, ऊठ, बघतेस काय?” त्याने बिघाड शोधला. धाकटी बंद आहे हे त्याला क्षणात कळलं. “कोण करतंय हे?” तो चिडून म्हणाला, आणि धाकटीला उठवायला बसला. त्याचं ते काम बघत राहावं असं होतं. कुठे काय अर्धवट राहिलंय, कुठली मागणी मध्येच लोंबकळतेय, सगळं त्याने हातांनी चाचपल्यासारखं सरळ केलं.

भाचीने शेजारी वाजणारा फोन उचलला. पलीकडे कुठल्यातरी दवाखान्यातली औषधं बघणारी बाई होती. ती भांडत नव्हती, रडत होती. “अहो, येणार ना गाडी? एवढंच सांगा. मी इथे त्या मुलाच्या आईला काय सांगू?”

“येईल,” भाची म्हणाली. “आता सुरू होईल. आमचा माणूस बसलाय.”

संध्याकाळ व्हायच्या आधी ती खाली वखारीत गेली. लांब्या एका छपाई यंत्राचं पोट उघडून बसला होता. ती समोरच्या खोक्यावर बसली.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

त्याने हातातला पेचकस खाली ठेवला. बराच वेळ तो कापडाने बोटं पुसत राहिला. “आधी बारीकसारीक असायचं,” तो शेवटी म्हणाला. “एखादी गोष्ट दोनदा करायचा, एखादी अर्धीच सोडायचा. मी मागाहून जाऊन सरळ करायचो. चालतीवर हात जातोय असं दिसलं की काहीतरी विचारून त्याला बाहेर काढायचो. कधी जमायचं, कधी नाही. त्या दिवशी मी आत होतो तो त्याचंच निस्तरायला.”

“मग मला का नाही सांगितलंस? सगळ्यांसमोर मी तुला...”

“तो शेजारीच उभा होता. ‘पोरगं चुकलं असेल’ म्हणाला. त्याला खरंच काही माहीत नव्हतं गं. त्याच्या तोंडाकडे बघून माझी जीभच उचलली नाही.”

भाचीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “माझं चुकलं रे.”

“ते राहू दे,” लांब्या म्हणाला. “त्याचं काय करायचं ते बोल.”

दुसऱ्या दिवशी मामा ऑफिसात असताना ती मामीकडे गेली. मामीने दार उघडलं आणि तिला अवेळी आलेली बघून काही न विचारताच पाटासारखं लहान स्टूल पुढे सरकवलं. स्वयंपाकघरात शेगडीच्या बटणांवर लाल चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. न्हाणीघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत ‘न्हाणीघर’ लिहिलेला कागद होता. भाची त्या कागदाकडे बघत राहिली.

“कधीपासून, मामी?”

मामीने पदराला हात पुसले. “झाले की बरेच महिने. बाहेर जातात ते घर विसरतात. मागे एकदा खालच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवून त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसले. त्या बिचाऱ्यांनी पाणी दिलं आणि मला हाक मारली. मी हसण्यावारी नेलं.”

“मला नाही सांगितलंस.”

“काय सांगू? घरी हे असे करतात, पण ऑफिसात ह्यांचं डोकं शाबूत आहे, एवढा एकच आधार होता मला. रोज येऊन सांगतात, आज बंद पडली होती, मी सुरू केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणायचे, असू दे. जिथे लागतं तिथे तर डोकं चालतंय ना.” ती थांबली. भाचीच्या चेहऱ्यावरून काहीतरी तिला कळलं असावं. “तिथे ठीक आहेत ना गं?”

भाचीने नकारार्थी मान हलवली. मामी हळूच खाली बसली, फरशीवरच, भिंतीला टेकून. खाली कुणाचं तरी दार वाजलं तेव्हा मामी उठली आणि म्हणाली, “तूच सांग त्यांना. माझं ऐकायचे नाहीत. तुझ्याशी वाद घालतील, पण ऐकतील.”

ऑफिसात शिकायला आलेल्यांसाठी सर्व्हरची एक सरावाची जोडी होती. तिथे काहीही बंद केलं तरी जगाचं काही अडत नव्हतं. भाचीने मामाला तिथे नेलं, दार लावलं आणि समोर बसली. बोलायचं म्हणून तिने रात्रभर काय काय जुळवलं होतं, ते सगळं तिने बाजूला ठेवलं.

“मामा, कारण सापडलं.”

“शाब्बास. कोण आहे?”

“तू आहेस.”

तो हसला. “मामालाच मामा बनवतेस?”

ती हसली नाही. तिने परवाची दुपार सांगितली, जशी झाली तशी. लांब्याचं सांगितलं. मामीचं सांगितलं नाही. ऐकता ऐकता मामाचा चेहरा आवळत गेला. तिच्यावर तो आयुष्यात कधी ओरडला नव्हता, तो ओरडला. “मी? या हातांनी उभं केलंय मी हे! तू नाकाने शेंबूड ओढत होतीस तेव्हापासून! तुझ्या त्या लांब्याला वाचवायला माझ्यावर ढकलतेस?”

“मामा...”

“गप्प बस. सरक बाजूला. सरावाची आहे ना ही जोडी? बघ. डोळे उघडे ठेवून बघ.”

त्याने खुर्ची ओढली. आधी कोण काम करतंय ते तपासलं, मोठ्याने वाचून दाखवलं. काम एकीकडून दुसरीकडे नेलं, मोकळी झाली ती बंद केली, पुन्हा उठवली, जागेवर बसवली. चुकायचं नाव नाही. पुस्तकात छापावं असं. भाचीच्या छातीवरचा दगड क्षणभर उतरला. तिला वाटलं, परवा आपणच काही भलतंच बघितलं असेल. एखाद्या दिवशी थकतो माणूस. असं कुणाचंही होईल.

मामा वळला. अजून रागातच होता. “हं,” तो म्हणाला. “आता सरक बाजूला. बघ. डोळे उघडे ठेवून बघ.” आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तिने त्याला थांबवलं नाही. तिला थांबवताच आलं नाही. अर्ध्यात आल्यावर त्याची नजर स्क्रीनच्या काचेत दिसणाऱ्या तिच्या चेहऱ्यावर गेली. बोटं थांबली.

“केलं का मी हे?” त्याने विचारलं. “आत्ताच?”

“हो.”

“सगळं?”

“सगळं. एकदम बरोबर केलंस.”

तो हातांकडे बघत बसला. बाहेर कुणीतरी हसत हसत निघून गेलं. मग त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि इतक्या हळू आवाजात विचारलं की तिला पुढे वाकावं लागलं. “त्या पोराच्या औषधाचं काय झालं होतं गं? रुग्णवाहिका पाठवली होती ती. तेही माझ्यामुळेच?”

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. “औषध मिळालं त्याला,” ती म्हणाली. “उशिरा, पण मिळालं.”

मामाने मान हलवली. दारापर्यंत गेला, परत आला, आणि तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. “नव्याने प्रत्येकाला वेगवेगळं नाव आणि पासवर्ड द्यायचं ठरवलं होतंस ना? मीच आज-उद्या करत होतो. दे आता. तुला दे, लांब्याला वर बोलाव, त्याला दे. मला देऊ नकोस. आणि जुनं काढून टाक.”

“आत्ता नको, मामा. उद्या करू.”

“उद्या माझ्या लक्षात राहिलं नाही तर? मग मी तुझ्याशी पुन्हा भांडेन. दोनदा नको गं भांडायला लावूस. आत्ताच कर. मी इथे उभा आहे.”

तिने तिथूनच खऱ्या सिस्टिममध्ये शिरून केलं. तो मागून सांगत होता, आधी हे, मग ते, असं नको तसं, अगदी पहिल्यांदा शिकवताना सांगायचा तसं. शेवटी स्क्रीनने विचारलं, नक्की का? तिचा हात तसाच राहिला. मामाने तिच्या खांद्यावरून वाकून स्वतःच हो म्हटलं.

संचालकबाईंना तिने सगळं खरं सांगितलं. लांब्याच्या नावावरचा डाग सगळ्या खात्यासमोर पुसला, जसा लावला होता तसाच. बाईंनी मामाचा निरोपसमारंभ नीट केला. मामा छान बोलला, सगळ्यांना हसवलं. एकच गोष्ट तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा सगळे हसले.

भाचीच्या आईने मात्र बोलणं टाकलं. मामा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. “बापाच्या जागी उभा राहिला तो तुझ्या,” ती एवढंच म्हणाली, “आणि तू त्याला घरी बसवलंस.”

“आई, लोकांची औषधं अडकत होती गं.”

“पोचली ना आता? मग झालं तर.” आणि ती पाठ फिरवून कपड्यांच्या घड्या घालायला लागली. त्या घड्या तिने मोडून पुन्हा घातल्या.

घरी बसल्यावर मामा झपाट्याने उतरला. डॉक्टर म्हणाले, हे असंच होणार होतं, कामाचा काही संबंध नाही. पण आईला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर भाचीलाही पूर्ण पटलं नाही. काही दिवस तो सकाळी कपडे घालून तयार होऊन बसायचा. मामी सांगायची, आज सुट्टी आहे. मग तेही थांबलं.

ऑफिसात सगळं बदललं. काहीही बंद करायचं असेल तर दोन माणसं लागायची, एकाने करायचं, दुसऱ्याने बघायचं. चालती कुठली हे स्क्रीनवर भल्यामोठ्या हिरव्या अक्षरांत झळकायचं. सिस्टिम पडायची थांबली. वर्षाच्या शेवटी संचालकबाईंनी भिंतीवर आलेख दाखवला. बंद पडण्याची रेघ मामा घरी बसल्यानंतर एकदम खाली आली होती आणि जमिनीला चिकटून पुढे गेली होती. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. भाचीला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उठली, त्या रेघेकडे बघितलं आणि “सगळ्यांनी मदत केली” एवढं म्हणून खाली बसली. शेजारी बसलेला लांब्या टाळ्या वाजवत नव्हता. त्याने पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली.

आणखी एक नियम तिनेच घातला होता. अधूनमधून एकाला फोन बंद करून दिवसभर घरी पाठवायचं आणि त्याच्यावाचून काम चालतं का ते बघायचं. एकदा तिची पाळी आली. ती सरळ मामीकडे गेली.

मामा खिडकीजवळ बसला होता. दाढी नीट केलेली, अंगावर इस्त्रीचा शर्ट. तिला बघून तो अर्धवट उठला, जसं घरी आलेल्या परक्या बाईसाठी उठतात. “या ना,” तो म्हणाला. “बसा. तुम्ही कुणाकडे आलात?”

आजवर त्याने तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं. दारात उभी असलेली मामी पटकन तोंड वळवून घेऊन भिंतीवरचं कॅलेंडर सारखं करायला लागली.

“तुमच्याकडेच आले,” भाची म्हणाली आणि समोर बसली. “मी औषधांच्या कंपनीत असते. तिथली सिस्टिम बघते.”

“अरे वा!” तो खुलला. “बंद पडते का हो?”

“आता नाही पडत.”

“असं नका म्हणू.” त्याने गंभीरपणे बोट हलवलं. “पडते. कधीतरी पडणारच. आपण तयार असायचं, बस्स.” मग तो जरा पुढे झुकला. “आमची भाची आहे, ती याच कामात आहे. भांडखोर आहे, पण डोकं फार चांगलं. आमच्यात मध्ये जरा वाजलं. म्हणजे मीच ओरडलो तिच्यावर. तुमच्या कंपनीत असेल ती. भेटली तर तिला एक सांगाल?”

“सांगेन. काय सांगू?”

मामाने तोंड उघडलं. त्याची नजर खिडकीबाहेर गेली, परत आली, तिच्या चेहऱ्यावरून फिरली आणि कुठे टेकावं ते न कळून गुडघ्यावरच्या हातांवर येऊन थांबली. ती वाट बघत राहिली. मामीही कॅलेंडर सोडून वाट बघत राहिली.

“तुम्ही चहा घेणार का?” तो म्हणाला.

“घेईन की.”

मामी निघाली तशी भाचीने तिला खांद्याला धरून मामाच्या शेजारी बसवलं. स्वतः आत जाऊन चहा टाकला आणि उकळी येईपर्यंत ओटा घट्ट धरून उभी राहिली.